शेजारच्या स्नायूची ओढ

बाळांनो, जरा पुढं या आणि उजवा तळहात फरशीवर पालथा टेकवा. आता फक्त मधलं बोट तळव्याखाली दुमडा, त्याचं पेर फरशीला लागलं पाहिजे. झालं? अंगठा उचला. उचलला ना! तर्जनी उचला. करंगळी उचला. शाबास. आता अनामिका उचला बघू.

उचलत नाही! धाकटीनं दुसऱ्या हातानं धरून ओढली, तर लगेच उठली. म्हणजे सांधा धड आहे, बोट धड आहे. तरी मनानं हुकूम सोडला की ते जागचं हलत नाही.

बोटं सरळ करणारा स्नायू बोटात नसतोच. तो असतो कोपरापासून मनगटाकडे, हाताच्या मागच्या बाजूला. तिथून त्याच्या कंडरा, म्हणजे पांढऱ्या चिवट दोऱ्या, पंजावरून एकेका बोटाकडे जातात. मूठ उघडमीट करा, त्या कातडीखाली सरकताना दिसतील. पण दिसत नाहीत त्या या दोऱ्यांना एकमेकींशी बांधणाऱ्या तिरप्या पट्ट्या. मधलं बोट दुमडलं की त्याची दोरी पुढं ओढली जाते, ती पट्टीच्या जोरावर शेजारच्या अनामिकेच्या दोरीलाही पुढं खेचते, आणि अनामिकेला वर उचलणारी ओढ तिच्यापर्यंत पोचतच नाही. तर्जनी आणि करंगळी सुटतात, कारण त्यांना स्वतःचा एकेक जादा स्नायू मिळालेला आहे.

आता यातली खरी नवलाची गोष्ट सांगतो. असं शेजाऱ्याला बांधलेलं असणं ही पंजाचीच खोड नाही. सबंध शरीर तसं आहे.

शाळेच्या पुस्तकात दंडाच्या बेटकुळीचं चित्र असतं. मधे लाल फुगवटा, दोन टोकांना पांढरी कंडरा, कंडरा हाडाला चिकटलेली. स्नायू आखडला, हाड ओढलं गेलं, संपलं. चित्र खोटं नाही, पण फार साफसूफ केलेलं आहे. खाटकाच्या दुकानात मांस पाहिलंत तर त्यावर एक पातळ, पांढुरका, चकचकीत पडदा दिसेल. सुरीनं सोलून टाकतात तो. शरीररचना शिकणाऱ्यांनीही शतकानुशतकं हेच केलं, पडदा खरवडून फेकला आणि खालचा स्नायू सुटा करून त्याला नाव दिलं. मला विचाराल तर त्या पडद्यासोबत अर्धी गोष्टच फेकली गेली.

या पडद्याला शास्त्रात संयोजी ऊती म्हणतात, आणि तिचा चिवटपणा येतो कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांमुळे. स्नायूतल्या केसाएवढ्या बारीक तंतूलाही तिचं वेष्टन असतं. तंतूंच्या जुडीला दुसरं, सबंध स्नायूला तिसरं. ही वेष्टनं सुटी नाहीत, आतलं बाहेरच्याला आणि बाहेरचं शेजारच्या स्नायूच्या वेष्टनाला चिकटलेलं. आपल्या दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागेत एक तार हिसडून पाहा, सगळा मांडव कसा हलतो! तसंच हे.

मोठा विचारतोय, तंतूची ओढ सरळ टोकाकडे जायची सोडून आडवी कशाला जाईल? सिबिल स्ट्रीट नावाच्या अमेरिकन बाईंना हाच प्रश्न पडला होता. त्यांनी बेडकाच्या स्नायूतला एकच तंतू अर्धा मोकळा करून बाहेर काढला, उरलेला अर्धा शेजाऱ्यांच्या वेष्टनात तसाच राहू दिला. मग त्यांनी तंतू आखडवला आणि शेजारी धरून ठेवले. तंतूच्या ओढीतला बहुतेक भाग बाजूनं, वेष्टनातून, शेजाऱ्यांपर्यंत पोचला होता. हे 1983 साली छापून आलं. आणि एका दृष्टीनं ते तसं असायलाच हवं. कमरेच्या हाडापासून मांडीवरून तिरपा उतरून गुडघ्याच्या खाली पोचणारा आपल्या शरीरातला सर्वांत लांब स्नायू घ्या. त्यातले कितीतरी तंतू मधेच निमुळते होऊन संपतात, कंडरेपर्यंत पोचतच नाहीत. आडवी वाट नसती तर त्यांचा जोर जाणार कुठं?

ही गुंतागुंत अंगात पाहायची तर मल्लखांबावर पाहा. पण त्याआधी सप्तशृंगी गडाची गोष्ट. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या दरबारात निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान आले आणि कुस्तीचं आव्हान देऊन बसले, असं सांगतात. कुणी पुढं होईना. तेव्हा बाळंभटदादा देवधर या तरुणानं मुदत मागून घेतली आणि तो वणीजवळच्या या गडावर येऊन बसला. तिथं त्याला मारुतीनं दृष्टांत देऊन लाकडी खांबावरचे डाव दाखवले, आणि परत जाऊन त्यानं अलीला चीत केलं, गुलाबनं लढतच नाकारली. दृष्टांत ही श्रद्धेची गोष्ट. मल्लखांबाचा उल्लेख तर बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही सापडतो. पण विस्मरणात गेलेली ती विद्या बाळंभटदादांनी पुन्हा उभी केली, हा मान त्यांचाच. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या डोंगराशी ती जोडलेली आहे याचा मला फार अभिमान वाटतो.

एरंडेल चोळलेला तो गुळगुळीत खांब. त्यावर पोरगं अढी मारतं, म्हणजे पाय खांबाभोवती गुंफतं, आणि हात सोडून उलटं लोंबकळतं. खांब आवळतात मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू. त्यांतला सगळ्यात थोरला घ्या. त्याच्या कंडरेवरूनच, हाडावरून नव्हे, गुडघा सरळ करणाऱ्या स्नायूचे खालचे तिरपे तंतू निघतात. आवळणाऱ्यानं कंडरा ताणून धरली की गुडघ्याच्या स्नायूला भक्कम पाया मिळतो. दोघांची कामं वेगळी, पण दोघांचं मूळ एकमेकांत गुंतलेलं.

पाठीकडे बघा. बगलेतून कमरेकडे पसरलेला रुंद स्नायू आणि कुल्ल्याचा स्नायू, दोन्ही कमरेवरच्या एका जाड पडद्यात येऊन मिळतात. नेदरलँड्समध्ये आंद्री व्लेमिंग आणि सहकाऱ्यांनी 1995 साली मृतदेहांवर दाखवलं की एका बाजूच्या पाठीच्या स्नायूची ओढ या पडद्यातून मधली रेघ ओलांडून पलीकडच्या बाजूला जाते. पुढं 2013 साली ब्राझीलमध्ये जिवंत माणसांवर प्रयोग झाला. पाठीचा स्नायू ताणला की विरुद्ध बाजूचं मांडीचं हाड खुब्यात किंचित फिरलं! खांबाला उजव्या हातानं लटकणाऱ्या पोराचा डावा कुल्ला त्या कामात सामील होऊ शकतो, तो असा.

या विषयाला आयुष्य दिलं ते ॲमस्टरडॅमच्या पीटर हॉयिंग यांनी. उंदराच्या नडगीवरच्या एका स्नायूची दोन्ही टोकं धरून त्यांनी जोर मोजला. पुस्तकाप्रमाणे दोन्हीकडे सारखा यायला हवा होता. सारखा आला नाही! जो फरक पडला तो वाटेत शेजाऱ्यांनी घेतला होता किंवा दिला होता.

तरी एक सांगून ठेवतो, कारण नवलाच्या भरात माणूस वाहवत जातो. अमेरिकेत 2008 साली मांजराच्या पोटरीवर हेच तपासलं तेव्हा रोजच्या हालचालीच्या आवाक्यात शेजाऱ्याचा परिणाम जवळजवळ दिसला नाही. तेव्हा साध्या चालण्यात ही आडवी ओढ किती मोठी, यावर अजून वाद आहे, आणि तो चालू राहावा हेच बरं.

पण आजारात चित्र पालटतं. मेंदूला जन्माच्या सुमारास इजा झालेल्या काही मुलांचं मनगट आत वळून घट्ट बसतं. शल्यविशारद मनगट वळवणाऱ्या स्नायूची कंडरा तोडून दुसरीकडे जोडतात. ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी अशा शस्त्रक्रियेत मधेच थांबून पाहिलं. कंडरा पूर्ण तुटली होती, तरी स्नायू फारसा आखडून मागं गेला नाही, आणि मनगट हलवलं की तोही त्याच्यासोबत हलत राहिला. भोवतीची ऊती सोडवत गेले तेव्हा कुठं तो सुटला. त्यामुळे कंडरा नव्या जागी जोडण्याआधी स्नायू शेजाऱ्यांपासून किती लांबीपर्यंत मोकळा करायचा, हेही शस्त्रक्रियेच्या टेबलावर ठरवावं लागतं.