किरण न लागताही

उपचार न मिळाल्यास अंगभर चार-साडेचार ग्रे (शरीरात शोषलेल्या किरण-ऊर्जेचं एकक) किरणोत्सर्ग अर्ध्याअधिक माणसांचा जीव घ्यायला पुरतो. एवढ्या ऊर्जेने शरीराचं तापमान किती वाढतं? जेमतेम 0.001 अंश सेल्सिअस. गरम चहाचा घोट याहून कितीतरी जास्त उष्णता पोटात नेतो.

मारते ती उष्णता नव्हेच. किरण पेशीतल्या पाण्याचे रेणू फोडतात आणि त्यातून हायड्रॉक्सिल नावाचा मुक्त मूलक सुटतो. तो टिकतो सेकंदाचा अब्जावा भाग, पण तेवढ्यात डीएनए तोडून मोकळा होतो. म्हणजे बचावाचं औषध आधीपासूनच पेशीत हजर हवं. 1949 मध्ये हार्वे पॅट यांच्या प्रयोगात किरण देण्याआधी सिस्टीन हे अमिनो आम्ल मिळालेले उंदीर तगले. नंतर दिलेलं वाया गेलं. पुढे अणुयुद्धाच्या धास्तीने अमेरिकेच्या वॉल्टर रीड लष्करी संस्थेने 4,000 हून अधिक संयुगं तपासली. त्यातलं नाव घेण्यासारखं निघालं ॲमिफॉस्टिन.

दरम्यान 1956 मध्ये डेनहॅम हार्मन यांनी तीन पानी लेखात म्हटलं, की हेच मूलक श्वासाच्या प्राणवायूतूनही तयार होतात आणि म्हातारपण त्यांचीच करणी आहे. कल्पना धाडसी होती, पण वेडगळ नव्हती. एक ग्रे किरणोत्सर्गाने एका पेशीतल्या डीएनएचे सुमारे 1,000 एकेरी धागे तुटतात. किरण न लागताही, मूलकांचा हिशेब बाजूला ठेवला तरी, नुसत्या पाण्यामुळे पेशीमागे दिवसाला 10,000 च्या आसपास अक्षरं डीएनएतून गळतात. केंद्रक असलेल्या आपल्या पेशी अंदाजे तीन लाख कोटी. गुणाकार केला तर रोजची गळती 300 कोटी कोटी! आणि तीही बहुतेक सगळी रोजच्या रोज दुरुस्त होते. खरं नवल या दुरुस्तीचं.

हार्मन यांनी उंदरांना किरणरोधक सिस्टिअमीन खाऊ घातलं. सरासरी आयुष्य 30 टक्क्यांपर्यंत वाढलं, कमाल मर्यादा मात्र फारशी हलली नाही. माणसांत तर उलटंच झालं: फिनलंडमधल्या 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत, मूलकांना आवरणारं मानलं जाणारं बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी वाढला.

ॲमिफॉस्टिन 1995 पासून कर्करोगाच्या रुग्णांना शिरेतून देतात. मळमळतं, रक्तदाब घसरतो. सहा मिनिटांत मूळ औषधाचा दहावा भागही रक्तात उरत नाही. म्हातारपण रोखायचं तर औषध सतत हजर हवं, आणि ऐंशी वर्षांच्या आयुष्यात मिनिटं असतात 4 कोटी 20 लाख.