कन्नडभाषकांच्या दृष्टीने मराठी ‘लागणे’

संस्कृत ‘लग्’ धातूपासून आलेल्या ‘लागणे’ या क्रियापदाचा मूळ अर्थ चिकटणे हा होय. ‘आग लागली’ हा त्याचाच विस्तार. कोल्हापूरलगतच्या सीमाभागातील कन्नडभाषकास तो सुलभ वाटतो. कारण त्याच्या भाषेत ‘बेंकि हत्तितु’ असा तंतोतंत जुळणारा प्रयोग आहे. उत्तर कर्नाटकाच्या बोलीत आरंभ दाखविण्यासही ‘हत्तु’ येतो. त्यामुळे ‘तो जाऊ लागला’ हेही त्यास कळते. खरी अडचण ‘त्याला जावे लागले’ येथे उद्भवते. सक्तीच्या अर्थी कन्नडमध्ये ‘हत्तु’ नव्हे, तर ‘बेकु’ येतो आणि ‘अवनु होगबेकु’ यात कर्ता प्रथमेतच राहतो. मराठीत तो चतुर्थीत जातो. सारांश, कोशातील अर्थांची यादी येथे अपुरी पडते. विभक्ती व क्रियारूप यांसह संपूर्ण वाक्यरचनाच शिकविली पाहिजे.