मोटारीचा मागील ब्रेक : कार्य, बिघाड व दुरुस्ती

गेल्या नवरात्रांतील गोष्ट. आम्ही कुटुंबासह मोटारीनें धाराशिवहून सोलापुरास निघालों होतों. सायंकाळची आगगाडी गांठावयाची असल्यामुळें मनांत घाई होती. रस्त्याच्या कडेनें यात्रेकरूंच्या रांगा तुळजापुराकडे चालल्या होत्या, आणि देवीची ज्योत घेऊन आपापल्या गांवांकडे धांवत जाणारीं तरुणांचीं पथकें समोरून येत होतीं. तुळजापूर जवळ आलें तेव्हां गाडी जड चालत आहे असें मला वाटलें, व थोड्याच वेळांत कांहीं तरी करपल्याचा वास आला. गाडी बाजूस घेऊन उतरलों. मागील डाव्या चाकाजवळ हात नेला, तों पेटत्या चुलीसारखी धग लागली. उजवें चाक मात्र जवळजवळ थंड होतें. माझ्या मुलानें बाटलींतील पाणी चाकावर ओतण्यासाठीं हात उचलला, तोंच शेजारच्या गॅरेजांतील वृद्ध मिस्त्री ओरडले, "थांब बाळा! तापल्या डिस्कवर पाणी टाकूं नको, तडकती ती." चाक पाहून ते मला म्हणाले, "गुरुजी, कॅलिपर जाम झालाय. असाच घाट उतरलात तर ब्रेक ऑईल उकळंल, आन् पायाखाली कायबी राहणार न्हाई."

आगगाडी चुकली, परंतु त्या गॅरेजांत जें पाहिलें व पुढें अभ्यासानें जें समजलें, तें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल म्हणून येथें सांगत आहें.

प्रथम ब्रेक म्हणजे काय, तें पाहूं. सायकलचा ब्रेक दाबला कीं दोन रबरी गुटके चाकाच्या कडीस दोहों बाजूंनीं आवळतात, हें तुम्हीं पाहिलेंच आहे. मोटारींतहि तत्त्व तेंच. चाकाबरोबर ओतीव लोखंडाची एक तबकडी फिरते, तिला डिस्क म्हणतात. त्या तबकडीस चिमट्याप्रमाणें कवेंत घेऊन बसलेला जो भाग, तोच कॅलिपर. त्यांत डिस्कच्या दोन बाजूंस दोन पॅड असतात, आणि आंतल्या पॅडच्या मागें एक पिस्टन असतो. पिस्टन आंतला पॅड पुढें ढकलतो. त्याच वेळीं सबंध कॅलिपर दोन गुळगुळीत पिनांवरून मागें सरकतो व बाहेरचा पॅडहि डिस्कवर ओढून आणतो. डिस्क ब्रेकचें पेटंट इंग्लंडांतील फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं 1902 सालीं घेतलें. आपल्या देशांतील मारुती 800 या गाडीस पुढील चाकांना डिस्क व मागील चाकांना ड्रम होते. अनेक लहान गाड्यांत हीच रचना अद्यापि आढळते. ज्यांना मागेंहि डिस्क असते, अशा गाड्यांविषयीं हा लेख आहे.

आतां एवढ्या जड गाडीस मनुष्याच्या पायाचें बळ कसें पुरतें? याचें उत्तर सतराव्या शतकांतील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल यांच्या नियमांत आहे. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला, तर तो सर्वत्र सारखाच पोंचतो. पायाकडील पिस्टनचा व्यास 20 मिलिमीटर व चाकाकडील पिस्टनचा 40 मिलिमीटर असला, तर दुसऱ्याचें क्षेत्रफळ चौपट होतें, आणि म्हणून बळहि चौपट मिळतें. लहानमोठ्या दोन सिरिंज नळीनें जोडून व पाण्यानें भरून हा प्रयोग शाळेंत सहज करतां येईल. नळींत हवेचा बुडबुडा राहिला, तर मात्र पुढचा दट्ट्या नीट हलत नाहीं. कारण हवा दबते, पाणी दबत नाहीं. ही गोष्ट ध्यानांत ठेवा, पुढें तिचें काम पडेल.

ब्रेक लावला म्हणजे गाडीचा वेग नाहींसा होतो, परंतु ऊर्जा नाहींशी होत नाहीं. तिची उष्णता होते. 1000 किलोग्रॅम वजनाची गाडी ताशीं 72 किलोमीटर वेगांतून थांबविली, तर 2 लाख ज्यूल उष्णता निर्माण होते. एवढ्या उष्णतेनें अर्ध्या लिटरहून अधिक थंड पाण्यास आधण येईल. तीच गाडी 100 मीटर उंचीचा उतार केवळ ब्रेकवर उतरविली, तर याच्या सुमारें पांचपट उष्णता होते. म्हणून घाट उतरतांना खालचा गिअर घालून इंजिनाकडूनच गाडी आवरावी. शिवाय ब्रेक ऑईल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट 4 जातीचें नवें ऑईल निदान 230 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाहीं. परंतु ओलावा शिरल्यावर ही मर्यादा 155 अंशांपर्यंत उतरूं शकते. ऑईल उकळलें कीं नळींत वाफ होते, आणि वाफ हवेप्रमाणेंच दबते. पेडल खालीं जातें, गाडी थांबत नाहीं. मिस्त्रींच्या बोलण्याचा अर्थ हाच होता.

कॅलिपर जाम कां होतो? पिस्टनभोंवतीं आंत रबराचें एक कडें असतें. ब्रेक लावतांना तें किंचित् पिळतें व पाय काढतांच पूर्ववत् होऊन पिस्टनला केसभर मागें ओढतें. बाहेरून धूळपाणी येऊं नये म्हणून रबराचें एक टोपण असतें, त्यास बूट म्हणतात. बूट फाटला कीं पाणी शिरतें, पिस्टन गंजतो, आणि मग तें नाजूक कडें त्यास मागें ओढूं शकत नाहीं. सरकत्या पिना कोरड्या पडल्या किंवा हँडब्रेकची कळ गंजली, तरीहि हाच परिणाम होतो. एकच चाक तापणें, एका बाजूचा पॅड लवकर झिजणें, पेट्रोल अधिक लागणें, चाकाच्या आंतील बाजूस ऑईलचा ओलावा दिसणें, हीं त्याचीं लक्षणें होत.

दुरुस्तीचा क्रम असा. गाडी सपाट जागीं उभी करून पुढील चाकांना दोहों बाजूंनीं दगड लावावे, हँडब्रेक सोडावा. गाडी केवळ जॅकवर ठेवून तिच्याखालीं कधींहि जाऊं नये. भक्कम घोडी लावावी. चाक काढल्यावर कॅलिपर रबरी नळीस लोंबकळूं न देतां तारेनें बांधावा. पॅडची धूळ फुंकून उडवूं नये, ती फुप्फुसांस घातक असते; ओल्या फडक्यानें पुसावी. पिस्टन गुळगुळीत असेल तर नवें कडें व नवा बूट घालून भागतें. त्यावर गंजाचे खड्डे पडले असतील तर कॅलिपरच बदलावा. हँडब्रेक आंतच बसविलेला असेल, तर मागचा पिस्टन नुसता दाबून आंत जात नाहीं. तो विशिष्ट अवजारानें फिरवीत आंत न्यावा लागतो. बळानें दाबल्यास आंतील यंत्रणा मोडते. विजेचा हँडब्रेक असल्यास यंत्र जोडून तो आधीं मागें घ्यावा लागतो. पिनांना रबरास न बाधणारें ब्रेकचेंच ग्रीस लावावें. साधें ग्रीस किंवा इंजिन ऑईल रबर फुगवितें. नळीच्या बोल्टास नवे वॉशर घालावे.

नवा कॅलिपर बसवितांना एक चूक नवशिक्यांकडून घडते. डावा कॅलिपर उजवीकडे बसला, तर हवा काढण्याचें निपल खालच्या बाजूस येतें. हवा नेहमीं वर चढते. मग कितीहि ऑईल वाहविलें तरी बुडबुडा वरच अडकून राहतो. म्हणून निपल सर्वांत वर असल्याची खात्री करावी. नंतर एकानें पेडल दाबून धरावें, दुसऱ्यानें निपल सैल करून हवा जाऊं द्यावी, पुन्हां आवळावें, आणि मगच पेडल सोडावें. वरच्या डबींतील ऑईल संपूं देऊं नये. नवे पॅड घालावयाचे तर दोन्ही चाकांना एकदमच घालावे. शेवटीं पेडल कठीण होईपर्यंत दाबून, मोकळ्या जागीं सावकाश चालवून पाहावें. हें काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालींच करावें. ब्रेकच्या कामांत अर्धवट ज्ञान अज्ञानाहून घातक ठरतें.

आमच्या गाडीचा बूट फाटला होता. खरें सांगावयाचें तर ही गोष्ट मला नवी नव्हती. पावसाळ्यापूर्वीं पॅड बदलतांना एका मिस्त्रीनें तो फाटका बूट मला दाखविला होता, आणि "पुढच्या वेळीं पाहूं" असें म्हणून मींच तें काम लांबणीवर टाकलें होतें. रबराच्या त्या लहानशा तुकड्याची काटकसर मला नव्या कॅलिपरच्या किंमतीस पडली, याचें दुःख नाहीं. परंतु त्या सायंकाळीं घाटाच्या रस्त्यावर पायीं चालणारीं माणसें होतीं, कडेवर मुलें घेतलेल्या आया होत्या. आपल्या गाडीचा ब्रेक हा जितका आपल्यासाठीं, त्याहून अधिक समोरून पायीं येणाऱ्या अनोळखी माणसासाठीं असतो. वर्ग सुरू होण्यापूर्वीं अभ्यास तपासतों, तशी घराबाहेर पडण्यापूर्वीं गाडी तपासण्याची संवय मुलांनीं आपल्या वडिलांस लावावी. आमच्या घरीं तरी आतां हें काम माझ्या मुलाकडेच दिलें आहे.