सिंदखेडचे जाधवराव आणि त्यांचे गाव

जालन्याहून मेहकरच्या रस्त्याला लागले की तीसेक किलोमीटरवर सिंदखेड राजा लागते. जालना मराठवाड्यात, सिंदखेड विदर्भात. १८५३ मध्ये हैदराबादच्या निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा शेजारची ही दोन गावे दोन राजवटींत विभागली गेली. लोकांचे येणे-जाणे मात्र थांबले नाही. दरवर्षी १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवासाठी जालना जिल्ह्यातल्या गावागावांतून गाड्या भरून निघतात आणि त्या दिवशी सिंदखेडात पाय ठेवायला जागा उरत नाही.

गर्दी येते ती जिजाऊंच्या माहेराला. हे माहेर ज्या घराण्याचे, त्या जाधवरावांची कहाणी तितक्याच बारकाईने वाचण्यासारखी आहे. तीनशे वर्षांच्या दख्खनच्या राजकारणात एका सरदार घराण्याने काय कमावले, काय गमावले, याचा पुरावा या लहानशा गावात दगडविटांच्या रूपाने उभा आहे.

जाधव आपला वंश देवगिरीच्या यादवांपर्यंत नेतात. यादवांचे राज्य चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला बुडाले. पुढे बहामनी राजवट आली आणि तिचे तुकडे होऊन निजामशाही, आदिलशाही उभ्या राहिल्या. या सगळ्या उलथापालथीत जमिनीशी नाते टिकले ते वतनदारांचे. जाधवराव सिंदखेडचे देशमुख, आणि देशमुख म्हणजे परगण्याचा मुख्य वतनदार. परगण्याचा वसूल त्याच्या देखरेखीखाली व्हायचा, त्यात त्याचा हक्क असायचा आणि पदरी स्वारही असायचे. दौलताबादेत सुलतान कोणीही असो, सिंदखेडच्या शेतकऱ्याला रोज दिसणारी सत्ता देशमुखांच्या वाड्यातच होती.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस या वाड्यात लखुजी जाधवराव नांदत होते. ते निजामशाहीतले बडे मराठा सरदार. म्हाळसाबाई आणि लखुजी यांच्या पोटी १५९८ मध्ये जिजाबाईंचा जन्म झाला. वेरूळच्या मालोजी भोसल्यांचे पुत्र शहाजी यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि दोन मातब्बर घरे सोयरिकीने जोडली गेली.

पण सोयरीक एकीकडे आणि चाकरी दुसरीकडे, हा त्या काळचा रिवाजच होता. निजामशाही दरबाराबाहेर खंडागळे सरदारांचा हत्ती बिथरला आणि त्या गोंधळातून जाधव-भोसल्यांतच तलवारी उपसल्या गेल्या. लखुजींचे पुत्र दत्ताजी आणि शहाजींचे चुलतभाऊ संभाजी, दोघेही त्यात पडले. १६२१ मध्ये लखुजी मोगलांना मिळाले. घराण्याला मिळून चोवीस हजारी मनसब आणि पंधरा हजार स्वार असा मान त्यांना मिळाला. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीची लढाई झाली. शहाजीराजे निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या बाजूने लढले आणि लखुजी समोरच्या मोगल फौजेत होते. सासरा आणि जावई एकाच रणात, आमनेसामने.

याला केवळ घरभेदीपणा म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. जगात जिथे जिथे जमीन सरदारांच्या हाती आणि राज्य दुसऱ्याच्या हाती होते, तिथे अनेकदा असेच घडले. जर्मनीतल्या सॅक्सनीत वेटिन घराण्यातल्या एर्न्स्ट आणि आल्ब्रेख्त या दोन भावांनी १४८५ मध्ये लाइपझिगला राज्य वाटून घेतले. १५४७ मध्ये म्यूलबर्गच्या लढाईत धाकट्या शाखेचा मॉरिट्झ सम्राट पाचव्या कार्लच्या बाजूने उभा राहिला आणि थोरल्या शाखेच्या योहान फ्रीडरिखला इलेक्टरपद, म्हणजे सम्राट निवडण्याचा मान, गमवावे लागले. ते पद मॉरिट्झच्या पदरात पडले. पक्ष बदलल्याचे एवढे मोठे बक्षीस तिथे मिळाले. दख्खनमध्ये त्याच खेळाची किंमत लखुजींनी जिवाने मोजली.

ते पुन्हा निजामशाहीत परतले होते. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या दरबारात दगा झाला. लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी आणि रघोजी, नातू यशवंतराव असे चौघे एकाच दिवशी मारले गेले. पुढच्या सातच महिन्यांत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, जिजाबाईंनी शिवनेरीवर शिवरायांना जन्म दिला. बाप आणि भाऊ भर दरबारात कापले गेलेल्या या लेकीने परक्याच्या चाकरीचा शेवट काय होतो, हे आपल्या घरातच पाहिले होते.

या चौघांच्या मृत्यूचे स्मारक म्हणजे सिंदखेडातली लखुजीराजांची समाधी. नजरेत मावू नये एवढी ही भव्य चौकोनी वास्तू आहे. राजघराण्यांच्याही वाट्याला क्वचित यावी अशी ही समाधी एका देशमुख घराण्याने बांधली, यावरूनच त्याच्या ऐपतीचा अंदाज येतो. गावात राजवाडा आहे, रंगमहाल आहे, काळा कोट नावाचा अर्धवट राहिलेला काळ्या दगडाचा कोट आहे. नीलकंठेश्वर आणि रामेश्वर ही मंदिरे जाधवांच्याही आधीची साक्ष देतात.

पण या घराण्याचे खरे मोठेपण पाहायचे तर पाण्याकडे जावे. मोती तलावाचा बांध एखाद्या किल्ल्याच्या तटासारखा बांधलेला आहे. चांदणी तलावाच्या मधोमध इमारत उभी आहे. पुतळा बारवेत दगडी मूर्तिकाम आहे, तर सजना बारव पाणीपुरवठ्याच्या जुन्या व्यवस्थेसाठी ओळखली जाते. पाऊस बेभरवशाचा असलेल्या या पट्ट्यात पाणी साठवणारा देशमुखच रयत टिकवू शकत होता.

लखुजींनंतरही घराणे संपले नाही. एक पाती मोगलांकडे गेली, एक स्वराज्यात आली. पुढे सेनापती झालेले धनाजी जाधव अचलोजींच्या वंशातले. इकडे सिंदखेडचे रामचंद्र जाधव अठराव्या शतकात निजामाच्या बाजूला होते. डिसेंबर १७५७ मध्ये मराठी फौजांनी त्यांना सिंदखेडातच कोंडले. निजामाचा भाऊ निजामअली त्यांच्या सुटकेला धावून आला आणि गावाच्या परिसरात लढाई पेटली. अखेर साखरखेर्ड्याच्या तहात निजामाने पेशव्यांना पंचवीस लाखांचा मुलूख आणि नळदुर्ग द्यायचे कबूल केले. मराठ्यांच्या एका मोठ्या विजयाची ही भूमी जिजाऊंच्याच माहेराची होती, हे फारसे सांगितले जात नाही. घराण्याच्या शाखा आसपास पसरल्या. देऊळगाव राजा, किनगाव राजा, मेहुणा राजा या गावांच्या नावांतला ‘राजा’ आजही त्यांची आठवण देतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जहागिरीवर जप्ती आली आणि हा अध्याय मिटला.

जमिनीखाली मात्र अजून बरेच काही आहे. जून २०२४ मध्ये समाधीच्या परिसरात जतनाचे काम चालू असताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या पथकाला आधी एका जुन्या मंदिराचा पाया लागला. आणखी खणल्यावर सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची १.७० मीटर लांब आणि एक मीटर उंच मूर्ती मिळाली. विष्णू शेषावर पहुडलेला, लक्ष्मी पायाशी, आणि पटावर समुद्रमंथनाचा प्रसंग. इतकी सुंदर मूर्ती फक्त सव्वादोन मीटरवर शतकानुशतके पडून होती. जाधवांच्या आधीही हे गाव संपन्न होते, याचा आणखी कोणता दाखला हवा?

अशा गावाला एका दिवसाची गर्दी पुरेशी नाही. राजवाडा आणि समाधीला जे जतन मिळते तेच बारवांना, तलावांना आणि काळ्या कोटाला मिळायला हवे. गाळ काढणे, झाडोरा हटवणे, ढासळते दगड सावरणे ही कामे आज झाली तर उरलेले वाचेल. जालना जिल्ह्यातल्या शाळांनी सहल लांब नेण्याआधी मुलांना इथे आणावे. १२ जानेवारीला दर्शनाला जरूर जावे. पण हिवाळ्यातला आणखी एक मोकळा दिवस काढून समाधीपासून चांदणी तलावापर्यंत हे गाव पायी पाहावे.