विश्लेषण : ऑनलाइन गेममध्ये शिवीगाळ करणाऱ्यांचं बक्षीस काढून घ्यावं का?

सामना रंगात आलेला असतो. पाच जणांच्या टीममधल्या एकाचा नेम चुकतो आणि हेडफोनमधून शिव्यांचा भडिमार सुरू होतो. शिव्या देणारा पुढे सामना जिंकून देतो, त्याची रँक वाढते आणि सीझनच्या शेवटी खास स्किनही मिळते. ज्याने शिव्या खाल्ल्या, तो मात्र पुढच्या वेळी माइक बंद ठेवतो. अनेक मुली तर आवाजावरून ओळखलं जाऊ नये म्हणून माइक सुरूच करत नाहीत. अशा ‘टॉक्सिक’ खेळाडूंना बक्षिसं द्यावीत का, हा वाद त्यातूनच उभा राहिला आहे.

बक्षीस म्हणजे नेमकं काय?

इथे पैशांचा संबंध नाही. रँक्ड सामन्यांचा सीझन संपला की खेळाडूंना स्किन, बॅज, आयकॉन अशा वस्तू मिळतात. ‘व्हॅलोरंट’मध्ये बंदुकीला लटकवायचा ‘गन बडी’ मिळतो. त्याने खेळात ताकद वाढत नाही, पण यातल्या अनेक वस्तू विकत मिळत नसल्याने त्यांचा मान मोठा असतो. हा मान गमावण्याची भीती शिस्त लावेल, असं कंपन्यांचं गणित आहे.

हे आधी कुणी केलं आहे?

रायट गेम्सच्या ‘लीग ऑफ लीजेंड्स’ने २०१७ मध्ये ‘ऑनर’ पद्धत नव्याने आणली. शून्य ते पाच अशा पातळ्या होत्या आणि खेळाडूची सुरुवात दुसऱ्या पातळीपासून व्हायची. चॅटवर निर्बंध किंवा बंदी आली की पातळी घसरायची आणि सीझनअखेरची बक्षिसं हातची जायची. मात्र नीट खेळून पुन्हा वर येण्याची वाटही ठेवली होती. पाचव्या पातळीवर पोहोचणाऱ्यांसाठी वेगळ्या स्किन होत्या.

व्हॉल्व्हच्या ‘डोटा २’मध्ये प्रत्येकाचा वर्तन गुणांक असतो. सामना अर्धवट सोडणारे किंवा वारंवार तक्रारी येणारे खेळाडू ‘लो प्रायॉरिटी’ रांगेत टाकले जातात. ठरावीक सामने जिंकल्याशिवाय तिथून सुटका नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तर व्हॉल्व्हने नियम मोडणाऱ्या काही खात्यांना नाताळची भेट म्हणून कोळसा पाठवला. भेट उघडली की आत बंदीची सूचना!

व्यावसायिक खेळाडूही सुटलेले नाहीत. ‘आयविलडॉमिनेट’ नावाने खेळणाऱ्या ख्रिश्चन रिव्हेराला सततच्या गैरवर्तनामुळे रायटने डिसेंबर २०१२ मध्ये वर्षभर अधिकृत स्पर्धांपासून दूर ठेवलं. पुढे तो सुधारून परतला.

विरोध कशासाठी?

पहिला आक्षेप तत्त्वाचा आहे. रँक हे कौशल्याचं मोजमाप आहे, स्वभावाचं नाही. शिव्यांसाठी चॅट बंद करा, पण मेहनतीने कमावलेलं का हिरावता, असं अनेकांचं म्हणणं असतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : दोषी ठरवणार कोण? हरल्याच्या रागात चौघांनी मिळून पाचव्याला रिपोर्ट करणं अवघड नसतं. मशीनने चॅट तपासायची म्हटली, तर रोमन लिपीत टाइप केलेल्या मराठी-हिंदी शिव्या तिला कितपत कळणार? आवाजाचं तर आणखी कठीण. रायटने जुलै २०२२ मध्ये ‘व्हॅलोरंट’मधला आवाज तपासण्याच्या यंत्रणेची तयारी सुरू केली, तीही फक्त उत्तर अमेरिकेतल्या इंग्रजी संभाषणापासून. शिवाय तोंडातून शब्द न काढता मुद्दाम हरणारा खेळाडू चॅटच्या चाळणीत अडकतच नाही.

तिसरा मुद्दा, ज्याला बक्षिसाची फिकीर नाही त्याला ही शिक्षा लागूच पडत नाही. तो नवं खातं काढून मोकळा होतो.

मग शिक्षेचा उपयोग होतो का?

रायटमध्ये खेळाडूंच्या वर्तनावर काम केलेले जेफ्री लिन यांनी मांडलेलं निरीक्षण इथे महत्त्वाचं आहे. बहुतेक शिवीगाळ सराईत टवाळखोरांकडून नाही, तर एरवी नीट खेळणाऱ्या पण त्या दिवशी डोकं फिरलेल्या खेळाडूंकडून होते. रँक आणि स्किनची सर्वात जास्त काळजी याच वर्गाला असते. म्हणजे बक्षीस रोखण्याचा धाक सराईतांपेक्षा यांच्यावर चालण्याची शक्यता अधिक. सराईतांसाठी बंदीच हवी.

पण धाक चालायचा तर काही अटी पाळाव्या लागतील. विकत घेतलेल्या किंवा आधी मिळालेल्या वस्तूंना हात लावू नये, फक्त चालू सीझनचं बक्षीस रोखावं. एका तक्रारीवर नव्हे, तर वारंवार दिसलेल्या वर्तनावर निर्णय व्हावा. कुठल्या वाक्यासाठी शिक्षा झाली ते खेळाडूला दाखवावं, दाद मागण्याची सोय असावी आणि सीझन संपण्याआधी सुधारायची संधी मिळावी.

गल्लीतल्या क्रिकेटमध्येही भांडखोर पोराला दुसऱ्या दिवशी टीममध्ये घेत नसत. तो कितीही चांगला बॅट्समन असो, उरलेले दहा जण ठरवायचे. ऑनलाइन खेळात पुढच्या सामन्यात कोण सोबत येणार हे आपल्या हातात नसतं. ते ठरवते कंपनी, त्यामुळे सोबत्याच्या वागण्याची जबाबदारीही तिला पूर्णपणे झटकता येणार नाही.