गोळी घेऊन धावताय? जरा थांबा!

मैत्रिणींनो, पहाटे साडेपाचला सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला किंवा विजापूर रस्त्यावर कधी चक्कर मारली आहे का? कुणी ट्रॅकपँटमध्ये, कुणी पंजाबी ड्रेसवर बूट घालून, कुणी पदर खोचून... आपल्या बायका आता नुसत्या फिरत नाहीत, चक्क धावतात! कुणाला पाच किलोमीटरची शर्यत पुरी करायची असते, कुणाला दहा, तर चाळिशीतली एखादी वहिनी थेट एकवीस किलोमीटरचं नाव काढते. शेजारच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली. साठी ओलांडलेल्या लता करे २०१३ साली बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. धावणं हे बाईमाणसाचं काम नव्हे, असं म्हणायची सोय आता कुणाला उरलेली नाही. फार छान झालं हे!

पण या छान घासात एक खडा लागतो आहे. शर्यतीच्या आदल्या दिवशी बायकांच्या गप्पा ऐका. ‘टी-शर्ट मिळाला का?’, ‘किती वाजता निघायचं?’ आणि मग हळूच, ‘गोळी ठेवलीस ना गं?’ गुडघा दुखू नये म्हणून निघण्याआधी एक आणि वाटेत पोटरी भरून आली तर कमरेच्या पिशवीत दुसरी. आमच्या ओळखीच्या एक वहिनी आहेत, वय सत्तेचाळीस, रक्तदाबाची गोळी रोज चालू. त्या मला म्हणाल्या, ‘‘ताई, पहाटे एक दुखण्याची गोळी टाकली की गुडघा बोलतच नाही बघा!’’

गुडघा बोलत नाही, हे खरं. पण तो जे सांगत होता ते थांबलं का? नाही. फक्त आपल्याला ऐकू येईनासं झालं. झिजलेला सांधा तसाच घासत राहतो, ताणलेला स्नायू आणखी ताणला जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, त्यातलीच गत!

आणि प्रश्न एकट्या गुडघ्याचा असता तरी चाललं असतं. खरा धोका आहे तो किडनीला. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटॅमॉलच्या जोडीला आयब्युप्रोफेन असतंच. पाळीत पोट दुखतं म्हणून आपण घेतो ती मेफेनॅमिक ॲसिडची गोळीही याच घराण्यातली, बरं का!

ही गोळी नेमकं करते काय? आपण लांब पल्ल्याचं धावतो तेव्हा रक्ताचा ओघ पायांकडे आणि कातडीकडे वळतो. पोटाला आणि किडनीला कमी रक्त मिळतं. त्यात घामाने अंगातलं पाणी गेलेलं असतं. नळाला बारीक धार असली की आपण तोटी पूर्ण उघडतो ना? तसंच किडनी करते. प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य तयार करून ती आपल्याकडे येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवते आणि कसंबसं काम चालवते. दुखण्याची गोळी नेमकं हेच द्रव्य बनू देत नाही. म्हणजे धार आधीच बारीक आणि वरून तोटीही आवळली! त्यात खूप लांब धावल्यावर स्नायूंची झीज होते, तो कचराही किडनीनेच गाळायचा. शिवाय हेच द्रव्य जठराच्या अस्तराचं रक्षण करतं. म्हणून रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीने आधी जळजळ होते आणि कधीकधी पोटात रक्तस्रावही होतो.

हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. जर्मनीतल्या बॉन शहराच्या २०१० च्या मॅरेथॉनमध्ये सुमारे चार हजार धावपटूंची पाहणी झाली. जवळजवळ निम्म्यांनी धावण्याआधीच गोळी घेतलेली होती. त्यातल्या नऊ जणांना इस्पितळात दाखल करावं लागलं. तिघांची किडनी आयब्युप्रोफेननंतर काही काळ बंद पडली, ॲस्पिरिन घेतलेल्या चौघांना रक्तस्राव झाला आणि दोघांना हृदयविकाराचा झटका आला. गोळी न घेतलेल्यांपैकी एकालाही दाखल व्हावं लागलं नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २५० किलोमीटरच्या शर्यतींमधल्या ८९ धावपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ८० किलोमीटरच्या टप्प्यात काहींना दर चार तासांनी आयब्युप्रोफेन दिलं, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. टप्पा संपल्यावर औषध घेतलेल्यांपैकी ५२ टक्के लोकांच्या किडनीवर ताण आलेला आढळला, न घेतलेल्यांपैकी ३४ टक्के. ८९ म्हणजे फार माणसं नव्हेत. पण सावध व्हायला एवढं पुरे नाही का?

आणि २५० किलोमीटर म्हटल्यावर आपल्याला काय आठवतं? वारी! आळंदी ते पंढरपूर अंतर साधारण तेवढंच. धर्मपुरीला माउलींची पालखी आपल्या जिल्ह्यात येते, नातेपुते, माळशिरस करत वेळापूरला पोचते. तिथे तर ‘धावा’ असतो. पंढरीच्या ओढीने म्हातारीकोतारी माणसंही उतारावरून धावत सुटतात. औषधाच्या स्टॉलवर मदतीला उभं राहिलं की एकच मागणी सारखी कानावर येते, ‘‘बाई, पायाची गोळी द्या. उद्यालाबी दोन द्या.’’ स्टॉलवरचे डॉक्टर गोळी देण्याआधी विचारतात, ‘‘माउली, आज पाणी किती प्यालात? लघवीला कधी गेला होता?’’ बहुतेक मावश्या हसून मान खाली घालतात. उत्तर आपल्याला माहीतच आहे. वाटेत आडोसा नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही! शर्यतीतही हेच. वाटेत बायकांसाठी सोय नसेल तर आदल्या रात्रीपासूनच घसा कोरडा ठेवायचा. कोरडं शरीर आणि वरून ही गोळी, हीच जोडी वाईट. शर्यत भरवणाऱ्यांकडे टी-शर्टाआधी बायकांच्या स्वच्छतागृहाची मागणी आपण करायला हवी, ती यासाठी.

त्या वहिनींना मी त्यांच्याच डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळीचं पाकीट पाहिलं आणि म्हणाले, ‘‘रक्तदाबाची काही औषधं, लघवी वाढवणारी गोळी आणि दुखण्याची गोळी एकत्र आली की किडनीवर तिहेरी मार बसतो. त्यात तुम्ही घामाने निथळणार!’’ वहिनी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, पण दुखत असताना घरी बसून कोणाला परवडतं? धावून आल्यावर डबे असतात, नळाला पाणी यायचा दिवस असला तर तेही भरायचं असतं.’’

मला वाटतं, दुखण्याचं मूळ इथे आहे. पुरुष शर्यत जिंकण्यासाठी गोळी घेत असतील. आपण घेतो ती दिवस न थांबवता ढकलण्यासाठी. पाळी असो, ताप असो, कंबर असो, ‘गोळी घेते आणि उठते’ हे वाक्य आपल्या आईनेही म्हटलं, आपणही म्हणतो. धावणं ही एकच गोष्ट आपण फक्त स्वतःसाठी करायला शिकलो, तिथेही तीच सवय कशाला न्यायची? वहिनींनी त्या वेळी दहाऐवजी पाच किलोमीटरचं नाव दिलं, अर्धं अंतर चालून पार केलं आणि पाणी भरायला त्या दिवशी घरातल्या मुलांना उठवलं.

काही गोष्टी मात्र लक्षात ठेवूया. धावण्याआधी आणि धावताना दुखण्याची गोळी नको. गोळीशिवाय सुरुवातच करता येत नसेल, तर त्या दिवशी धावायचंच नाही. धावून आल्यावरही आधी पाणी, खाणं आणि नीट लघवी होऊ द्या. नंतरही फार दुखलं तर कोणती गोळी आणि किती, हे डॉक्टरांना विचारा. पॅरासिटॅमॉल किडनीला त्या मानाने सौम्य, पण जास्त झालं तर लिव्हरला घातक. रक्तदाब, मधुमेह, किडनीचा विकार किंवा अल्सर असेल तर मनाने एकही गोळी नाही. आणि हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंदही करायची नाही.

पाणी तहानेप्रमाणे प्या. भीतीपोटी नुसतं पाणी तांब्यावर तांब्या रिचवलं तर रक्तातलं मीठ उतरतं, आणि या गोळ्यांनी तो धोकाही वाढतो. लांब पल्ला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेवा. लघवी काळ्या चहासारखी झाली, बराच वेळ झालीच नाही, शौचाला काळं झालं, छातीत दुखलं, बोलण्यात गोंधळ झाला तर घरगुती उपाय करत बसू नका. सरळ इस्पितळ गाठा आणि कोणती गोळी घेतली होती ते न लाजता सांगा.

धावा गं, खुशाल धावा! दुखलं तर चाला, फारच दुखलं तर रस्त्याकडेला बसा. शर्यत पुढच्या वर्षी पुन्हा येते; किडनीच्या दोनच जोडीदारणी आहेत, त्यांना जपायला हवं.