दीर्घिकांचा न जुळणारा जमाखर्च

बाळकुमपासून कल्याणपर्यंतचा पट्टा कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु १९६५ साली याच कल्याणात सहा फूट व्यासाच्या ३२ रेडिओ तबकड्या सूर्याचा वेध घेऊ लागल्या होत्या, हे आज फार थोड्यांना स्मरत असेल. ऑस्ट्रेलियात निकामी ठरलेल्या या तबकड्या डॉ. गोविंद स्वरूप यांच्या खटपटीने भारतास देणगीदाखल मिळाल्या होत्या. काटकसरीच्या त्याच परंपरेतून पुढे नारायणगावनजीक खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय दुर्बीण, 'जीएमआरटी', उभी राहिली. भरीव पत्र्याऐवजी तारांची जाळी ताणून तिचा खर्च आटोक्यात ठेवण्यात आला.

या दुर्बिणीने एका जुन्या कूटप्रश्नावर मोलाचा प्रकाश टाकला आहे. कोमा या दीर्घिकासमूहातून येणाऱ्या विस्कळित रेडिओ लहरींचा शोध १९५९ साली लागला. त्या कोणा एका दीर्घिकेतून नव्हे, तर दीर्घिकांमधील विरळ, तप्त वायूतून येतात आणि त्यांचा पसारा सुमारे ३० लाख प्रकाशवर्षांचा आहे. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे वेगवान इलेक्ट्रॉन त्या निर्माण करतात, हे उघड आहे. अडचण आहे ती जमाखर्चाची. असा इलेक्ट्रॉन सुमारे १० कोटी वर्षांत आपली ऊर्जा गमावून बसतो. तेवढ्या अवधीत समूहाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झिरपत जाणे त्याला शक्य नसते. अर्थात, ही ऊर्जा त्याला जागच्या जागीच मिळत असली पाहिजे.

ती कोठून? एका मतानुसार प्रोटॉनांच्या टकरींतून नवे इलेक्ट्रॉन सतत जन्मतात. परंतु तसे असते तर गॅमा किरणही विपुल मिळावयास हवे होते. ते अपेक्षित प्रमाणात आढळले नाहीत. दुसरे मत असे की, दोन समूह एकमेकांवर आदळले म्हणजे वायूत प्रचंड खळबळ माजते आणि थकलेल्या इलेक्ट्रॉनांना पुन्हा वेग मिळतो. 'जीएमआरटी'ने अनेक समूह तपासले, तेव्हा बहुसंख्य समूहांत ही आभा आढळलीच नाही. जेथे आढळली तेथे टकरीच्या खुणा होत्या. २००८ साली 'एबेल ५२१' या समूहातील आभा कमी कंप्रतेवरच ठळक दिसली, हेही खळबळीच्या मतास पोषक ठरले. तरीही हिशेब अद्याप पुरता जुळलेला नाही.

अशा संशोधनाचा उपयोग काय, असा प्रश्न व्यवहारी माणूस विचारील. परंतु येथे भांडवल उभे आहे. आता हवी आहे ती केवळ रेडिओ शांतता. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीवरून ती धोक्यात येण्याचा प्रश्न उपस्थित झालाच होता. रस्ता, रेल्वे, कारखाना यांना पर्यायी जागा शोधता येते. कोट्यवधी वर्षांचा प्रवास करून येणारा क्षीण संकेत मात्र एकदा गोंगाटात बुडाला की तो परत मिळविता येत नाही. काटकसरीने जे मिळविले, ते निष्काळजीपणाने गमावणे हा कोणत्याही हिशेबाने आतबट्ट्याचाच व्यवहार ठरेल.